टीव्ही एकोणतीस इंचांवर

टीव्ही भिंतीवर किती उंच लावावा, हे मी तुम्हाला अर्ध्या मिनिटात सांगू शकते. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत. संपलं! यात मतभेदाला जागाच नाही. मी एका तपासणी प्रयोगशाळेत काम करते. सिमेंटचे ठोकळे किती दाबाखाली फुटतात ते दिवसभर नोंदवते, आणि माझं मोजमाप आजवर कुणी चुकीचं ठरवलेलं नाही. आमच्या घरातला टीव्ही सोडला, तर.

फेब्रुवारीत लग्न होऊन मी घाटकोपरला पंतनगरच्या या घरात आले, तेव्हा टीव्ही जवळजवळ छताला टेकला होता. पंख्याचा वारा आम्हाला कमी आणि त्यालाच जास्त लागायचा. तो बघताना माझ्या सासूबाई, मालनबाई, पाणी पिणाऱ्या कोंबडीसारखी मान वर करायच्या. जूनमध्ये ती मान धरली. डॉक्टरांनी पट्टा दिला. पट्टा लावून वर बघता येईना, म्हणून मालिका सुरू झाली की आई पट्टा काढून ठेवायच्या.

"टीव्ही खाली घेऊ या," मी म्हणाले.

मी फारशी बोलत नाही. या घरात मी मांडलेलं हे पहिलंच मत. ते बरोबर ठरणं आईंच्या मानेइतकंच मलाही गरजेचं होतं.

"कुठल्या शहाण्याने इतका वर लावलाय?" मी नवऱ्याला विचारलं.

"भाऊंनी," प्रीतम म्हणाला. "हळू बोल."

भाऊ, म्हणजे माझे सासरे, दोन हातांच्या अंतरावर पेपर वाचत बसले होते. जन्म गिरणीत साच्यांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं, असं मी धरून चालले होते. त्यांनी पान उलटलं. "आसू दे गो तो थंयच," एवढंच म्हणाले.

वयानुसार माणसं जुन्या गोष्टींना धरून बसतात, अशी मी मनात नोंद केली आणि टेप काढला.

तिघांना सोफ्यावर बसवून जमिनीपासून डोळ्यांपर्यंत मोजायचं होतं. भाऊ आत जाऊन शर्ट घालून आले. आईंनी पदर सारखा केला.

"हसू काय?"

"आई, फक्त उंची घेतेय."

"मगे चष्मो ठेवू की काढू?"

सरासरी आली बेचाळीस इंच. बिल्डिंगचा इलेक्ट्रिशियन दशरथ ड्रिल घेऊन आला. वरची चार भोकं पुट्टीने बुजवली, बेचाळिसावर नवी चार पाडली. "झकास, वहिनी," तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

रात्री आठला मालिका लागली. तिघं आले आणि सोफ्याला पाठ टेकून जमिनीवर बसले.

हे दृश्य मी पाच महिने रोज बघत होते! आमच्याकडे सोफा पाठ टेकायला आणि इस्त्रीचे कपडे ठेवायला असतो. त्यावर बसतात ते पाहुणे.

"मग दुपारी सोफ्यावर कशाला बसलात?"

"तू बसवलंस म्हणून," प्रीतम म्हणाला.

आईंची मान अजून वरच होती. पूर्वीची कोंबडी आता थोडं कमी पाणी पीत होती, इतकंच.

"आई, तुम्ही सोफ्यावर बसा ना."

"सोफ्यार बसान भाजी कशी निवडू?"

मी जमिनीवरून पुन्हा मोजलं. एकोणतीस इंच. दशरथ पुन्हा आला. "वहिनी, अजून खाली घेतला तर खालच्या मजल्यावाल्यांना दिसेल." आणखी चार भोकं.

पण आता बरोबर होतं. आईंची मान सरळ. पट्टा लावूनही मालिका दिसायला लागली. शेजारच्या सुलक्षणाकाकूंना त्या सांगत, "आमची सून सगळा मोजून करता." तीन आठवडे मी अशी सुखात होते.

मग भाऊंनी माळ्यावरून चौरंग काढला. पुसला. दोन्ही हातांत धरून भिंतीपर्यंत आणला आणि उभे राहिले.

"बाय," ते म्हणाले, "गणपती खंय बसवचो?"

"कुठे बसतो?"

भाऊंनी हनुवटीने टीव्ही दाखवला.

माझ्या माहेरी गणपती नसतो. इथे बत्तीस वर्षं येतो, आणि बत्तीस वर्षं त्याच भिंतीशी बसतो, कारण बाकीच्या भिंतींत खिडकी, कपाट आणि स्वयंपाकघराचं दार आहे. मखर जिथे संपतं, त्याच्या चार बोटं वर तो शहाणा टीव्ही लावून मोकळा झाला होता.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"गणपती कुठे बसतो ते काय सांगायचं असतं?" प्रीतम म्हणाला.

दशरथ तिसऱ्यांदा आला. "वहिनी, आता कुठे? मोरीत?" मी वर बोट केलं. त्याने पुट्टी खरवडून जुनी चार भोकं मोकळी केली. टीव्ही छताखाली गेला.

गणपती आले. पाच दिवस टीव्ही बंद. सगळे सोफ्याला पाठ टेकून जमिनीवर, मूर्तीकडे बघत. आईंची मान सरळ, पट्टा खुंटीला.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला आत असताना मला राहवलं नाही. जमिनीपासून मूर्तीच्या डोळ्यांपर्यंत टेप लावला.

"किती?" मागून भाऊंचा आवाज आला.

"एकोणतीस."

"माझ्याकडे टेप नव्हतो," ते म्हणाले. "तुझ्या सासूक समोर बसवलंय आनि तिका सरळ दिसापर्यंत चौरंगाचे पाय कापलंय."

आता टीव्ही वर्षभर एकोणतिसावर असतो आणि गणपतीत छताखाली जातो. दशरथला काम राहिलेलं नाही, दोन्हीकडची भोकं तयारच आहेत. बेचाळिसावरची चार तेवढी कधीच कामाला येत नाहीत. त्यांच्यावर मी कॅलेंडर लावलंय.

आमच्याकडे आलात, तर ते उचलून बघू नका.