हरणांसाठी बिरडं

उल्हास टिपणीसांनी हरणांसाठी शेत केलं आणि त्या शेतात एकाही हरणाने तोंड घातलं नाही. पण असं काही झालंच नाही, हे टिपणीसांच्या घरात एकमताने ठरलेलं आहे. तेव्हा वरचं वाक्य आपणही वाचलं नाही असं धरू, आणि हरणं अजून येत होती त्या मे महिन्यापासून सुरुवात करू.

टिपणीसांचं घर अमेरिकेतल्या कॅरी गावाच्या जरा बाहेर, जंगलाला पाठ लावून बसलेलं. औषधांच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून उल्हासकाका रोज सकाळी चहा घेऊन मागच्या डेकवर बसत. समोरच्या झाडीतून तीन हरिणी येत. काका त्यांच्याकडे बघत, त्या काकांकडे बघत. तिघींपैकी एकीलाही आपली शुगर किती आली ते सांगायचं नसे. अख्खी नोकरी मीटिंगांमध्ये काढलेल्या माणसाला आयुष्यात आणखी काही नको असतं.

मग त्या तिघी उठून सुनेत्राकाकूंची भेंडी खात.

"सलग तिसरं वर्ष," काकू डेकवर येऊन म्हणाल्या. त्यांच्या हातात भेंडीचं रोप होतं. म्हणजे पूर्वी रोप होतं, आता देठ होता. "मी पुन्हा पेरणार आहे. पण या वेळी जर भेंडी गेली ना उल्हास, तर हे घर विकायचं आणि अनयाकडे जायचं. चँडलरला."

"अगं, भेंडीसाठी घर विकतात का?"

"मी विकते."

"चँडलरला भेंडी तरी येते का?"

"तिथे वाळवंटात काहीच येत नाही. म्हणूनच हरणंपण येत नाहीत."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. चँडलरला लेक अनया होती, हे खरं. पण तिथे जावई संजीवही होता. तो चिप बनवण्याच्या कारखान्यात होता आणि जेवताना चिप कशी बनवतात ते सांगायचा. दर वेळी वाळूपासून. वर उन्हाळा असा, की दाराच्या कडीला हात लावायचा तर ओव्हनचे हातमोजे घालावे लागत. काकांना हे घर हवं होतं, हा डेक हवा होता आणि ही शांतता हवी होती. त्यासाठी भेंडी वाचणं भाग होतं.

त्यांनी अभ्यास केला. एका दाढीवाल्या माणसाचा व्हिडिओ सापडला. त्याचं म्हणणं असं, की हरणांना बागेतून हाकलायचं नाही. त्यांना लांब, झाडीच्या कडेला, बागेपेक्षा चांगलं खायला लावायचं. आणि तेही न नांगरता. उभ्या गवतात बी फेकायचं, वरून गवत कापायचं, ते बियांवर पांघरूण घालतं, मग पावसाची वाट बघत बसायचं. "बाकीचं काम निसर्ग करतो," दाढीवाला म्हणाला. काकांना हे फार पटलं. नोकरीतही त्यांनी बरीच प्रोजेक्टं याच पद्धतीने पूर्ण केली होती.

शेतीच्या दुकानात हरणांच्या बियांची अख्खी भिंत होती; शिकारी लोक हरणं जवळ यावीत म्हणून ती पेरत. प्रत्येक पिशवीवर झुंबराएवढी शिंगं असलेला नर, आणि नजर अशी, की पासपोर्टसाठी फोटो काढलाय. दुकानदाराने विचारलं, "नर पाहिजेत की माद्या?" काका म्हणाले, "शांतता." दुकानदाराने जरा विचार करून त्यांच्यासमोर एक बरणी ठेवली. "मग लॅबलॅब घ्या. हरणं वेडी होतात."

काकांनी बरणीत हात घातला. चपटं, तपकिरी बी, कडेला पांढरी रेघ. ते बराच वेळ बघत राहिले. मग घरी फोन लावला.

"अगं, इथे हरणांना वाल घालतात."

"कुठले वाल?"

"आपले. बिरड्याचे."

अलिबाग माहेर असलेल्या काकूंना असं काही ऐकायची सवय नव्हती. त्यांनी विचारलं, "सोललेले की सालासकट?"

"पेरायला, सुनेत्रा."

"अजून काय काय घालतात, वाच."

काकांनी भिंतीवरची एक पिशवी काढली आणि वरच्या शिंगांपासून वाचत गेले. चवळी. राजगिरा. ज्वारी. पलीकडून एकेक डबा उघडल्याचा आवाज येत गेला.

"ती शिंगं ठेव परत," काकू म्हणाल्या. "सगळं घरात आहे. आणि हे बघ, आपले वाल निवडलेले आहेत. त्यांच्यात खडे असतील."

अशा रीतीने न नांगरलेल्या शेताचं बी स्वयंपाकघरात निवडलं गेलं. काकांनी प्रोटीनचा तक्ता केला होता, तो कोणी बघितला नाही. काकांना मेथी हवी होती. काकू म्हणाल्या, "कडू असते, ती तोंड लावणार नाहीत." काकांना सोयाबीन हवं होतं. काकू म्हणाल्या, "त्याने गॅस होतो." हरणांना गॅस झाला तर आपलं काय बिघडतं, असं काका म्हणणार होते, पण बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी अशी बरीच वाक्यं वाचवली होती.

जूनमध्ये झाडीच्या कडेच्या पट्ट्यात बी फेकलं, वर गवत कापलं. बी मातीत दाबायला रोलर हवा होता. "आपण वॉक घेतोच की," काकू म्हणाल्या, आणि दोघं रोज त्या पट्ट्यावर इकडून तिकडे चालले. पाऊस पडला. बाकीचं काम निसर्गाने केलं, आणि जरा जास्तच केलं.

मुलगा मिहीर रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याने झाडाला बांधायचा कॅमेरा पाठवला. समोर काही हललं की तो फोटो काढायचा, प्राणी ओळखायचा आणि फोनवर कळवायचा. जुलैतल्या एका सकाळी पहिला मेसेज आला: "हरीण. मादी. प्रौढ." काकांना भरून आलं. फोटोत पहाटेच्या धुक्यात तपकिरी रंगाचं काहीतरी मान खाली घालून राजगिरा खात होतं. त्यांनी तो फोटो लगेच मिहीरला पाठवला.

मिहीरचा फोन आला. "डॅड, दॅट्स नॉट अ डिअर."

"मग?"

"दॅट्स रेखामावशी."

काकांनी फोटो मोठा केला. खरंच, शाल पांघरलेल्या रेखामावशी होत्या, तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या खजिनदार. त्या खात नव्हत्या, खुडत होत्या.

"सुनेत्रा, तू कोणाला सांगितलंस?"

"एकट्या रेखाला. ती म्हणाली, कोवळा राजगिरा बघून किती वर्षं झाली! मी म्हटलं, ने की थोडा. हरणं काय, जुडी मोजणारेत?"

रेखामावशींनीही एकट्या विनीताला सांगितलं. विनीताने एकट्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला सांगितलं. "उल्हासदादांकडे फ्रेश चवळी, सेंद्रिय, मागच्या बाजूने या, बेल मारू नका, ते चहा घेत असतात."

लोक बेल मारत नसत. ते थेट डेकसमोरून जात आणि हात करत. काकांनी चहा तोंडाला लावला, की झाडीतून कोणीतरी म्हणायचं, "चालू द्या, चालू द्या." आणि मग शुगर किती आली ते सांगायचं.

ऑगस्टमध्ये तक्रारी सुरू झाल्या.

"उल्हासदादा, वाल जरा गोडे निघाले हो," रेखामावशी म्हणाल्या. "कडव्याची सर नाही."

"ते हरणांसाठी होते," काका म्हणाले.

"हो, पण बिरडं करायचं म्हणजे..."

विनीता नागपूरची. तिने पट्ट्याच्या मध्यभागी उभं राहून चौफेर नजर टाकली. "काका, तूर कुठं आहे?"

"नाही लावली."

"तुरीचे ओले दाणे नाही, अंबाडी नाही. मग विदर्भाच्या लोकांनी यायचं कशाला?"

"नका ना येऊ," काका म्हणाले, अगदी मनापासून. विनीता खूप हसली. म्हणाली, "काका, तुम्ही पण ना यार!" काकूंनी आतून ओरडून सांगितलं, की पुढच्या वर्षी तूर नक्की.

कॅमेरा इमानेइतबारे काम करत होता. त्याने रेखामावशींच्या यजमानांना टर्की ठरवलं. योगा ग्रुपच्या सहाजणी ओळीने आल्या, तेव्हा "कळप, स्थलांतर" असा मेसेज आला. खरी हरणं मात्र एकदाच दिसली, लांब, झाडीच्या आत. तिघी मान वर करून उभ्या होत्या, आणि आपल्याला वेगळीच तारीख सांगितली होती की काय, असा त्यांचा चेहरा होता. काकांनी हात केला. त्या गेल्या.

सप्टेंबरात ज्वारी दाण्यात आली आणि मंडळाने हुरडा पार्टी जाहीर केली. काकांना ते ग्रुपवरूनच कळलं, पार्किंगच्या नकाशासकट. पट्ट्याच्या मधोमध शेकोटी पेटली. गोवऱ्या इंडियन स्टोअरमधून आल्या. पाकिटावर "फक्त धार्मिक उपयोगासाठी" असं छापलं होतं, म्हणून रेखामावशींनी आधी नमस्कार केला. धूर जंगलभर झाला. स्पीकरवरून कोणीतरी "एक टोयोटा हलवा" असं सांगत होतं. तीन मैलांच्या परिसरात शाकाहारी वन्यजीव म्हणून जे काही होतं, त्याने त्या संध्याकाळी काउंटी बदलली.

दुसऱ्या दिवशी काकू परडीभर भेंडी घेऊन डेकवर आल्या. कोवळी, लुसलुशीत, एकही चावा नसलेली.

"बघ," त्या म्हणाल्या, "जमलं की नाही तुझं! एकही हरीण नाही. मी उगीच घर विकायचं म्हणत होते." त्या काकांशेजारी बसल्या, जे सहसा करत नसत. "तू माझ्या भेंडीसाठी एवढं केलंस. आता इथून मी हलत नाही."

परडी सुंदर होती. बायको खूश होती. समोर कोणीतरी अनोळखी गृहस्थ वालपापडी तोडत होते आणि हात करत होते.

काकू आत गेल्यावर त्यांनी अनयाला फोन लावला.

"बाळा, तुमच्याकडची ती मागची खोली रिकामी आहे ना?"

"आहे की. पण आई म्हणाली, आता तुम्ही कुठेच जाणार नाही. शी इज सो हॅपी, बाबा."

"आई राहू दे. मी एकटा येतो. थोडे दिवस. संजीवकडून चिपचं नीट समजून घ्यायचं राहिलंय."

"वाळूपासून?"

"वाळूपासून."

अनया हसली. मग म्हणाली, "बाबा, याल तेव्हा वालाचं थोडं बी आणा हं. इथल्या मंडळाला पण हवंय. आमच्या बॅकयार्डला ड्रिप लावून पेरायचं म्हणतायत."

काकांनी फोन ठेवला. चहा गार झाला होता. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि राज्याच्या वन्यजीव खात्याला, ज्या तऱ्हेने ते पूर्वी हेड ऑफिसला लिहीत, त्या तऱ्हेने लिहायला घेतलं:

"महोदय, निम्नस्वाक्षरीकाराच्या जागेत स्थानिक महाराष्ट्र मंडळाचे सदस्य मुक्त संचार करीत असून, त्यांचा समावेश राज्याच्या वन्यजीव सूचीत करण्यात यावा. सदर सदस्यांसाठी हंगाम जाहीर करून, प्रत्येकी कमाल एक पिशवी अशी मर्यादा घालण्यात यावी. तसेच, निघून गेलेल्या हरणांचा शोध घेऊन, अर्जदारास किमान तीन, शक्यतो मराठी न बोलणारी, सकाळच्या चहाच्या वेळेपूर्वी परत करण्यात यावीत, ही नम्र विनंती. भेंडीची जबाबदारी अर्जदार स्वतः घेईल."