एक रुपयाची तरतूद

हिशेबाच्या परीक्षेला निघताना मी सय्यदसाबांच्या फळीवरून चुकीच्या डब्यातला रुपया उचलला.

सय्यदसाब भूमला आमच्या कचेरीत हेडक्लार्क. जिल्हा परिषदा नुकत्याच निघाल्या होत्या आणि आम्हा नव्या कारकुनांना अंदाजपत्रकाची परीक्षा सक्तीची झाली होती. सय्यदसाब हिशेब शिकले निजामाच्या अमलात, उर्दूतून. पण आम्हाला शिकवायचे मराठीत, आणि तेही घरच्या डब्यांवर. पगार हातात आला की तो फळीवरच्या पत्र्याच्या डब्यांत वाटून टाकायचा: तेलमीठ, दवापाणी, जोडे, प्रवास, मेहमान. एकातला पैसा दुसऱ्यात जाणार नाही. "आज हितं हात मारला बेटा, तर उद्या हौदाच्या पैशावर सायबाची जीप फिरंल."

एकदा ते तापानं फणफणले. दवापाण्याचा डबा रिकामा. चाची, म्हणजे त्यांच्या बीबी, जोड्यांच्या डब्याकडं वळल्या, तर हे गोधडीतून म्हणाले, "अगोदर मंजुरी." चाचींनी कपाळावरची पट्टी बदलत मंजुरी दिली. मग वर्ष संपेपर्यंत सय्यदसाब अंगठा तुटलेली चप्पल ओढत कचेरीत येत.

मार्च सरत आला की उलटंच. मेहमानाच्या डब्यात पैसे उरले, तर ते एसटी स्टँडवर जाऊन उभे राहत आणि परांड्याला निघालेल्या एखाद्या अनोळखी माणसाला चहाला ओढून आणत. "खर्ची न्हाय पडलं तर पुढच्या साली कापतेत." कापणारेही तेच होते, पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

मी त्या डब्याचा कायमचा लाभार्थी. अभ्यास थोडा, चहा फार. फळीच्या पार टोकाला आणखी एक डबा होता, त्यात एकच रुपया. त्यातून कुणी काढत नसे, त्यात कुणी भर घालत नसे. मला वाटलं, विसरलेला असेल.

परीक्षेच्या सकाळी उस्मानाबादच्या तिकिटाला मला रुपया कमी पडला. सय्यदसाब नमाजात होते. चाची चुलीपुढूनच म्हणाल्या, "प्रवासाच्या डब्यातून घे." त्यात सगळी चिल्लर. मोजायचा कंटाळा आला. रुपया तो रुपया, असं म्हणून टोकाच्या डब्यातला उचलला आणि गाडी पकडली. वर्षभराच्या शिकवणीवर मी उंबरा ओलांडायच्या आधीच बोळा फिरवला.

पेपरात प्रश्न आला: नाममात्र तरतूद कशासाठी ठेवतात? मी ठोकून दिलं की ती विसराळू कारकुनांमुळं राहून जाते. दिसताच काढून घ्यावी.

संध्याकाळी एका दोस्ताकडून रुपया उसना घेतला आणि सय्यदसाबांचा परत करायला गेलो. सय्यदसाब फळीखाली बसले होते, मांडीवर तो रिकामा डबा. चहाचं विचारलं नाही, तेव्हाच काहीतरी बिघडल्याचं कळलं.

"कुणाचा डबा हाय म्हायतीय का?" चाची म्हणाल्या. "रशीदचा. ह्यांचा धाकला भाऊ. पोलीस ॲक्शनच्या साली कराचीला गेला. पयल्यांदा ह्ये त्याच्या येण्याचं समदं धरायचे. गाडीभाडं, नवी शेरवानी, दावत. मग कापत कापत रुपयावर आलं."

"मग रुपया तरी कशाला?" मी विचारलं.

सय्यदसाब डब्याकडं बघत म्हणाले, "सरकारला एखादं काम सोडायचं न्हाय, पन पैसा बी न्हाय, तवा काय करतं? रुपया ठेवतं. तेवढ्यावर ते काम अंदाजपत्रकात जितं राहतं. रुपया गेला की खातं बंद." डबा माझ्यापुढं धरून म्हणाले, "सकाळपासनं बंद व्हतं."

मी रुपया डब्यात टाकला. त्यांनी तो बाहेर काढला, सदऱ्याला पुसला, परत ठेवला, झाकण दाबलं आणि डबा फळीच्या टोकाला सरकवला. मग माझ्याकडं वळले.

"पेपरात काय इचारलं?"

मी प्रश्न सांगितला. उत्तरही सांगितलं. सांगता सांगता आवाज आपोआप बारीक होत गेला.

चाचींनी चहाचं आधण ठेवलं.

"ह्ये पोरगं काय पास व्हत न्हाय," त्या सय्यदसाबांना म्हणाल्या. "पुढच्या सालाला मेहमानाच्या डब्यात वाढ धरा."