किल्लेदारीणबाईंच्या एका वाक्याची मोहीम

प्रयोग संपला आणि खुर्च्या आवरणाऱ्या मंडळींनी पृच्छा केली की, मुलांच्या नाटकात एवढी रणधुमाळी कैसी माजली, ते साद्यंत सांगावे. त्यांची आज्ञा शिरसावंद्य मानून हकीकत लिहितो. मीठमसाला बेताचाच घातला आहे.

या नाटकमंडळीत सर्व तऱ्हेची मुले होती. कोणी पायांनी चालणारे, कोणी चाकांच्या खुर्चीवर स्वार, कोणी न बघता नगारा अचूक ठोकणारे, आणि कोणी नुसतेच वात्रट. त्यांत किल्लेदारीणबाई म्हणोन एक मुलगी होती. तिची जीभ मोठी मानी. शब्द मनात तयार असे, परंतु बाहेर यायचे ते स्वतःच्या मर्जीने, अडखळत, सावकाश. तिच्या वाट्यास सबंध नाटकात एकच वाक्य आले, की हा दरवाजा तुमच्यासाठी उघडणार नाही. ते ऐकोन गनिमाने माघार घ्यावी, ऐसा नाटकाचा दस्तूर.

परंतु खरा गनीम घरचाच होता. मातोश्री मायाळू खऱ्या, पण धीर म्हणोन वस्तू त्यांच्या पदरी नव्हती. लेकीने 'हा द...' म्हणावे आणि मातोश्रींनी तालमीच्या दारातून उरलेले वाक्य पुरे करून मोकळे व्हावे. दुकानात, दवाखान्यात, शेजारणीपाशी हाच अंमल. मग नाटकवाल्या बाईही दया येऊन शब्द पुरवू लागल्या, आणि नगारेवालेही पुटपुटू लागले, आणि वाक्य एक व धनी चार ऐसा कारभार जाहला.

मग एके दिवशी किल्लेदारीणबाई तालमीत फतकल मारोन बसल्या आणि हुकूम सोडला, तो सावकाश, परंतु सबंध: "माझं वाक्य मीच बोलणार. नाहीतर मी नाटकात नाही."

तह जाहला, की कोणी मध्ये शब्द पुरवू नये. मातोश्रींनीही मान डोलावली, परंतु ती मान पूर्वीही पुष्कळदा डोलली होती, सबब कोणास भरवसा नव्हता.

प्रयोगाच्या दिवशी गनिमाचे सेनापती सुसाटराव चाकांच्या खुर्चीवरून फौजेनिशी दरवाज्यापाशी दाखल जाहले. किल्लेदारीणबाईंनी तोंड उघडले. 'हा' आला, आणि 'दरवाजा' काही येईना. सभागृहात घसे खाकरू लागले. सुसाटरावांस पेच पडला, की वाक्याविना माघार कैसी घ्यावी, आणि दरवाजा तो पुठ्ठ्याचा, नुसता धक्का लागला तरी किल्ला पडावा. तेव्हा त्यांनी नाटकात नसलेला हुकूम फर्मावला, की अजून एक फेरी मारू. फौज रंगमंचावर गोल फिरू लागली, आणि मग आणखी एकदा फिरली, आणि नगारा वाजतच राहिला, आणि एक चाक नाटकवाल्या बाईंच्या अंगठ्यावरून गेले. बाईंनी तह स्मरोन हूं की चूं केले नाही.

पहिल्या रांगेत मातोश्री अर्ध्या उठल्या. वाक्य ओठांवर आले होते. तेथेच त्यांनी रुमालाचा बोळा तोंडात कोंबला आणि खाली बसल्या. लेकीला तिथे एकटी बघणे त्यांना फार जड गेले.

आणि मग 'दरवाजा' आला, आणि मग 'तुमच्यासाठी', आणि 'उघडणार', आणि शेवटल्या 'नाही'वर ऐसा जोर पडला की बुरूज डगमगला. दमलेला गनीम मोठ्या आनंदाने पळाला.

प्रयोगानंतर सभागृहाच्या दारापाशी कोणी एक अनोळखी बाईसाहेब किल्लेदारीणबाईंच्या डोक्यावरून मातोश्रींस विचारत्या जाहल्या, की हिला हे अवघड गेले काय. मातोश्रींचे तोंड उघडले आणि मिटले.

"तिलाच विचारा," त्या म्हणाल्या, आणि वाट पाहू लागल्या.

किल्लेदारीणबाईंनी वेळ घेतला. लागत होता त्याहून थोडा जास्तच घेतला.

"मला नाही गेलं. गप्प बसायला आईला फार अवघड गेलं."

हे वाक्य पुरे होईतो मातोश्री मध्ये बोलल्या नाहीत. सबब खरा किल्ला त्या संध्याकाळी दारापाशी, उभ्या उभ्या सर जाहला, ऐसे येथे नमूद केले असे.