जाण्याची तारीख

भुवडकाका गाढ झोपलेल्या माणसाला उठवून "झोप लागली ना?" असं विचारायचे.

बरं, हे घरच्या माणसाला नव्हे, रीतसर खोली घेतलेल्या गिऱ्हाइकाला. भर दुपारी प्रवासाने शिणलेला एखादा माणूस पंख्याखाली जरा कुठे घोरायला लागला, की दारावर टकटक. दार उघडलं की समोर काका, हातात पाण्याचा तांब्या आणि चेहऱ्यावर मुलीच्या बापाची काळजी. "नाही, म्हटलं विचारावं. नव्या जागी काही जणांना झोप लागत नाही." तो बिचारा "लागली होती" म्हणाला की काकांना मनापासून समाधान वाटायचं. अर्ध्या तासाने ते पुन्हा खात्री करून घ्यायचे.

मीरा रोड स्टेशनपासून दहा मिनिटांवर, खाली चपलांचं दुकान आणि झेरॉक्सवाला, वर दोन मजले मिळून आठ खोल्या, असं त्यांचं 'हॉटेल पाहुणचार' होतं. त्यांचं म्हणजे चालवायला त्यांचं. मालक धीरूशेठ भाईंदरला राहायचे आणि दर दिवाळीनंतर वर्षाचा करार करायचे. काका खेडकडचे, वय पंचावन्नच्या आसपास, एकटे. काउंटरमागच्या खोपटात त्यांची खाट होती, तेच त्यांचं घर. हाताखाली उत्तनचा फ्रान्सिस, तो स्वयंपाकी, वेटर, प्लंबर आणि प्रसंगी वॉचमन. बोर्डावर 'हॉटेल' वाचून लोक मिसळ खायला यायचे. काका कोणाला नाही म्हणत नसत, फ्रान्सिसला पिटाळून समोरच्या टपरीवरून मिसळ मागवायचे आणि त्या माणसालाही झोपेबद्दल विचारायचे.

मी मागच्या बिल्डिंगीत इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचो. आमची ओळख झाली ती एका पिक्चरमुळे. ती सगळी व्हीसीडीची वर्षं होती. काकांनी स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून एक सीडी आणली होती. कव्हरवर काउंटरमागे टाय लावलेला एक गोरा आणि त्याच्यापुढे पितळी घंटी. विकणाऱ्याने सांगितलं, "होटल ट्रेनिंग का है चाचा, फॉरेन का." काका ती घेऊन थेट माझ्याकडे आले. "सर, भाषेची तेवढी अडचण आहे. तुम्ही सांगत बसा, मी लिहून घेतो."

पहिल्या पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं, की ही विलायती धमाल कॉमेडी आहे. समुद्रकाठचं एक महाभिकार हॉटेल. कपाटं अंगावर पडतायत, जिन्याचा कठडा हातात येतोय, एक लठ्ठ साहेब अंघोळ करता करता टबासकट जमीन फोडून खालच्या जेवणघरात उतरतायत. मी हसून हसून आडवा. काका मात्र वहीत लिहीत होते, 'टबाखाली लाद्या तपासणे.'

"काका, हा विनोदी पिक्चर आहे हो!"

"सर, तुम्ही हसताय काय? एवढा मोठा माणूस उघडानागडा लोकांच्या जेवणात आला. हॉटेल कसं चालवायचं नाही, ते शिकवतायत. केवढं प्रॅक्टिकल ट्रेनिंग आहे!"

त्यांनी तो पिक्चर इतक्या वेळा पाहिला, की इंग्रजीचं अक्षर न समजता त्यांना तो पाठ झाला. सगळे गोंधळ त्यांनी वहीत नंबर घालून मांडले होते. त्यात एक म्हातारी बाई सुरुवातीला सूप मागवते आणि मग अख्खा पिक्चर मागच्या टेबलावर चमचा धरून बसून राहते. माझं तिच्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. काकांचं दुसरीकडे जायचं नाही. पुढे आग लागली, पोलीस आले, तरी हे आपले, "अहो, पण तिला सूप दिलं का कोणी?"

तेव्हापासून हॉटेलात काहीही बिघडलं की काका शांतपणे म्हणायचे, "दाखवलंय ते." गीझरमधून धूर निघाला, दाखवलंय ते. दाराची मूठ पाहुण्याच्या हातात आली, दाखवलंय ते. फ्रान्सिस वैतागायचा. "काका, टाकीत पानी न्हाय, ते पन दाखवलाय काय?" टँकरची भानगड विलायतेत नसते, हे काकांना मान्य करावं लागायचं.

पण पाहुणचारमधला खरा गोंधळ पिक्चरमधल्या कुठल्याच नंबरात बसत नव्हता. तो काकांच्या स्वभावात होता. आलेल्या माणसाला 'तुम्ही कधी जाणार?' असं ते विचारत नसत. मेले तरी विचारत नसत. रजिस्टरमध्ये 'जाण्याची तारीख' असा रकाना होता, त्यात ते सुवाच्य अक्षरात लिहायचे, 'त्यांची इच्छा.' परिणामी कुठली खोली कधी रिकामी होणार ते त्या खोलीतल्या माणसाखेरीज जगात कोणाला ठाऊक नसायचं. एकदा औषध कंपनीचे दोन विक्रेते ज्या खोलीत होते तीच त्यांनी नालासोपाऱ्याच्या एका नव्या जोडप्याला देऊन टाकली. चौघे एकमेकांकडे बघत उभे. शेवटी विक्रेते काकांच्या खाटेवर गेले आणि काका दोन दिवस खुर्चीत बसून झोपले. सकाळी मी चौकशी केली तर म्हणाले, "मस्त लागली झोप."

अशा या हॉटेलात एक दिवस अण्णा आले. माणगावकडचे, पंच्याहत्तरी गाठलेले, धोतर-टोपी, हातात एक पिशवी. त्यांचा मुलगा सिल्व्हर पार्कला राहायचा. घराला रंग काढलाय, दोनच दिवस ठेवा, असं सांगून तो गेला. दोन दिवसांचे पाच झाले, पाचाचे पंधरा. कुठल्याही घराला इतके दिवस रंग लागत नाही हे अण्णांना कळत होतं, काकांना कळत होतं, मला कळत होतं. बोलत कोणी नव्हतं. दुपारी अण्णा आणि काका शेजारी बसून तो पिक्चर बघायचे. अण्णा पोट धरून हसायचे, आणि काका त्यांच्याकडे तक्रारीच्या सुरात म्हणायचे, "अण्णा, त्या बाईची दया येऊ द्या जरा."

तिसऱ्या आठवड्यात धीरूशेठ आले. त्यांच्या भाचीचं लग्न होतं, मुलाकडची मंडळी सुरतेहून येणार होती. "भुवडभाई, आठ रूम मतलब आठ. बाहर का एक भी आदमी दिखना नहीं चाहिए. इस बार लफडा किया ना, तो दिवाली के बाद जगा कोचिंग क्लासवाले को. फिर मेरे को बोलना नहीं."

म्हणजे अण्णांना हलवायचं, नाहीतर काकांचं हॉटेल गेलं, आणि हॉटेल गेलं की घरही.

काका विचारायला वर गेले आणि अण्णांना चहा देऊन आले. दुसऱ्यांदा गेले आणि पेपर देऊन आले. तिसऱ्यांदा गेले ते त्यांची टोपी इस्त्री करायला घेऊन आले. मग मला म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले. तुम्हीच बघा." मी ताठ मानेने वर गेलो आणि रविवारी त्यांच्याशी कॅरम खेळायचं कबूल करून खाली आलो. काकांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

मी चिडलो. "अहो, एक वाक्य आहे. अण्णा मुलाला फोन करतील. एवढं काय त्यात?"

काका रजिस्टर सरळ करत म्हणाले, "विचारलंय मी एकदा." मला वाटलं अण्णांना. पण ते वेगळंच सांगायला लागले.

"परळला आठजणं एका खोलीत राहायचो. नवीन नोकरी. वडील गावावरून मला बघायला आले. फणस घेऊन, एवढा मोठा. खोलीतली पोरं कुरकुरायला लागली, जागा नाही, काय नाही. चौथ्या दिवशी मी विचारलं, बाबा, कधी जाणार? साधंच विचारलं हो. तर म्हणाले, आज दुपारची एसटी आहे ना, तिनेच निघतोय. आणि धोतराची घडी घालायला लागले. पुढे पाच वर्षं होते ते. पुन्हा नाही आले. कितीदा बोलावलं. म्हणायचे, तुझी अडचण होते."

मग त्यांनी फ्रान्सिसला हाक मारून गाद्या मोजायला लावल्या. 

लग्नाच्या दिवशी सकाळी काका अण्णांना म्हणाले, "अण्णा, आज मंडळी फार आहेत, जरा काउंटरवर बसून माझ्यावर देखरेख करता का?" अण्णा नवं धोतर नेसून खाली येऊन बसले. त्यांची सात नंबरची खोली रिकामी झाली. आता प्रश्न एवढाच होता, की शेठ यायच्या आत त्यांना लपवायचं कुठे. तो सोडवायला काकांना सवडच मिळाली नाही.

सुरतेची मंडळी पाहुणचारात शिरली आणि तो विलायती पिक्चर फिका पडला. टँकरवाल्याने पाइप टाकीऐवजी गच्चीवर सोडला, पाणी जिन्याने खाली यायला लागलं. काकांनी वहीतल्या एका नंबरानुसार जिन्याच्या वळणावर आधीच दोन गाद्या टाकून ठेवल्या होत्या. मुलाचे मामा बासुंदीचं पातेलं घेऊन बरोबर तिथेच घसरले. मामा गादीवर, बासुंदी फ्रान्सिसवर. "दाखवलंय ते!" काका वरून ओरडले, आणि त्यांच्या आवाजात खरोखर आनंद होता. तेवढ्यात वीज गेली. नवरदेव बाथरूममध्ये, कडी आतून तुटलेली. त्याला खिडकीतून शिडीने उतरवायचं ठरलं. फेटा बांधलेला नवरदेव पहिल्या मजल्यावरून अवतरतोय हे बघून खालच्या बँडवाल्यांना वाटलं वरात निघाली. त्यांनी दणक्यात सुरुवात केली. दोन आत्या नाचायला लागल्या. नवरदेव शिडीवर अधांतरी, रडकुंडीला आलेला. मी पोछा घेऊन जिन्यात उभा होतो आणि हसण्याने मला पाणी पुसवत नव्हतं.

या सगळ्यात अण्णा काउंटरवर स्वस्थ बसून होते. मुलाकडच्यांना वाटलं, हे मुलीकडचे वडीलधारे. ते पाया पडले, फेटा बांधला. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाचे आजोबा. त्यांनी शाल घातली, नारळ दिला, फरसाणाची बशी पुढे ठेवली. अण्णा प्रत्येकाला तोंडभर आशीर्वाद देत होते.

आणि धीरूशेठ आले. गुलाबी फेट्यातल्या अण्णांकडे त्यांनी पाहिलं. मग मुलाच्या बापाकडे वळून कौतुकाने म्हणाले, "आपके पिताजी?"

"नहीं नहीं, हम समझे आपके बडे भाई."

बँड नेमका तेव्हाच थांबला. शेठचा चेहरा लाल झाला. "भुवडभाई! ये कौन है?"

काका ओलेचिंब जिन्यात उभे होते. वहीतल्या कुठल्याच नंबरात हे नव्हतं.  

"वडील," ते म्हणाले. "माझे वडील आहेत."

शेठना ते पटल्यासारखं दिसेना. ते अण्णांसमोर गेले. "दादाजी, ये आपका बेटा है?"

अण्णांनी बशी बाजूला ठेवली. काकांकडे जरा वेळ पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "हो. हा थोरला. धाकटा इथेच राहतो, जवळच. त्याला कामातून वेळ होत नाही."

शेठ वाकले आणि अण्णांच्या पाया पडले. "भुवडभाई, कमाल करते हो. बाप को कोई काउंटर पे बिठाता है?" असं म्हणत ते मंडपाकडे निघून गेले.

काका तिथेच उभे होते. टब पडो, बासुंदी सांडो, हा माणूस कधी गांगरला नव्हता. आता त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.  तीन आठवडे अण्णा त्यांना 'अहो भुवड' म्हणत आले होते.

"उभा काय राहिलास?" अण्णा म्हणाले. "जा रे, पाहुणे खोळंबलेत."

"हो, बाबा," काका म्हणाले.