कर्दनकाळची डबलबारी

सुशांत परबच्या 'कर्दनकाळ'सारखा बँड अख्ख्या मुंबईत नव्हता. असं सुशांतचंच म्हणणं होतं. विक्रोळीच्या त्यांच्या चाळीत दुसरं कोणी बँडबद्दल इतकं बरं बोलत नसे.

"आमच्यात थ्रॅश मेटलचा वेग आहे, डूम मेटलचा जडपणा आहे आणि कोकणातल्या डबलबारी भजनाचा ठेका आहे!" अंधेरीच्या मेटल स्पर्धेच्या आयोजकांना त्याने फोनवर ठोकून दिलं. जिंकणारा बँड बंगळुरूच्या महोत्सवात वाजवणार होता, आणि मरायच्या आधी एकदा त्या स्टेजवर उभं राहायचं हे सुशांतचं स्वप्न होतं. आयोजक डबलबारीवर फिदा! म्हणाले, याच.

आता आली का पंचाईत! 'कर्दनकाळ'मध्ये गिटार होती, ड्रम्स होते, रेड्यासारखा डुरकणारा गायक चैतन्य होता. पखवाज मात्र कोणाच्या बापाने वाजवला नव्हता. सुशांतचा बाप सोडून.

नाना परब भजनी मंडळाचे जुने पखवाजवाले. डबलबारीत दोन मंडळं आपापल्या गायक बुवांसह समोरासमोर बसतात. एकाने सवाल टाकला की दुसऱ्याने जवाब द्यायचा. न देता उठला तो गावातून उठला! नानांनी जन्मात एकही सवाल सोडला नव्हता.

"येतंय मी. पण समोर बुवा कोण?"

"नाना, बुवा नसतो हो तिथे. आपण वाजवायचं आणि उतरायचं."

"आणि जवाब?"

"जवाब नसतो!"

पोरगं अजून लहान आहे, अशा चेहऱ्याने नानांनी मान हलवली.

स्पर्धेत 'कर्दनकाळ' बरा वाजला. फक्त गिटारींच्या गदारोळात नानांचा पखवाज खुद्द नानांनाही ऐकू आला नाही. मग घाटकोपरच्या बँडची पाळी आली. त्यांच्या हर्षदने ड्रम्सवर नुसता धुमाकूळ घातला आणि एकदम थांबला. काठ्या वर, नजर समोर. समोर पहिल्या रांगेत पखवाज मांडीवर घेऊन नाना!

"सवाल टाकल्यान रे!"

"नाना, बसा! तो थांबा त्यांच्या गाण्यातलाच आहे!"

"माझ्याकडे बघान टाकल्यान, भर सभेत! आता गप बसलंय तर कुडाळात तोंड खय दाखवू?"

सुशांतने त्यांचा सदरा घट्ट धरला. सदरा हातात राहिला, नाना बनियनवर स्टेजवर गेले! पखवाजावर अशी थाप पडली की हर्षद दचकला, मग हसला आणि उलट सवाल टाकून मोकळा झाला. नानांनी तोही परतवला. काळ्या टीशर्टातली पोरं वेड्यासारखी माना झटकायला लागली. परीक्षक खुर्च्यांवर चढले.

"मेटल आणि डबलबारीचा असा मिलाफ आम्ही ऐकलाच नव्हता!" परीक्षक म्हणाले, आणि पहिलं बक्षीस घाटकोपरला गेलं.

"नाना, तुम्ही त्यांना जिंकवलंत!" सुशांत रडकुंडीला आला.

"मेल्या, शेवटचो जवाब कोणाचो? माझो! म्हणजे बारी आपणच मारली!"

सुशांत बंगळुरूच्या त्या स्टेजवर मात्र खरोखर उभा राहिला. गळ्यात पास, डोळ्यांवर दिवे, समोर अफाट गर्दी! हर्षदने आपल्या ड्रम्ससमोर दाखवलेल्या जागी त्याने नानांचा पखवाज अलगद ठेवला. गर्दीकडे नीट बघणार, एवढ्यात नानांनी सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या.

"उतर आता खाली. आणि ह्यो सदरो सांभाळ."