खोट्याला दुप्पट

गायकर काकांच्या दारावर नावाची पाटी नाही. शाळेतून निवृत्त होताना निरोपाची भेट म्हणून त्यांनी मागून आणलेला एक काळा फळा तिथे टांगलेला आहे. त्यावर खडूने, मास्तरी वळणदार अक्षरात चार ओळी लिहिल्या आहेत:

मानपत्र लिहून मिळेल.
खऱ्या कौतुकाला साधा दर.
खोट्या कौतुकाला दुप्पट.
खरं-खोटं आम्ही ठरवू.

शेवटची ओळ वाचून काही गिऱ्हाइकं दारातूनच परत फिरतात. बाकीची आत येतात, झोपाळ्यावर बसतात, चहा घेतात आणि वाद घालतात. काकांना वाद घालणारी गिऱ्हाइकं जास्त आवडतात.

ठाकुर्ली पूर्वेला आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी गायकरांचं भात पिकायचं. जमीन बिल्डरला देताना काकांनी तीन फ्लॅट घेतले आणि बिल्डिंगला आपल्या आईचं नाव द्यायला लावलं. बिल्डरला काहीतरी 'हाइट्स' हवं होतं. काकांनी सांगितलं की माझी आई पाच फूट उंच होती, तेवढी हाइट पुरे. तेव्हापासून आम्ही सगळे 'आई धाकूबाई स्मृती'त राहतो. काका तळमजल्यावर आणि मी दुसऱ्या मजल्यावर.

आमच्या भागात माणूस निवृत्त झाला, पंचाहत्तरीला पोचला, नाहीतर नुसताच बरीच वर्षं नीट वागला, की कुठलं तरी मंडळ त्याला शाल, नारळ आणि फ्रेममधलं मानपत्र देतंच. हे मानपत्र काका लिहितात आणि स्टेजवर वाचतातही. आवाज असा की माइकवाला आपणहून बटण खाली करतो.

एकदा एक भावी नगरसेवक आले. ते पंधरा वर्षं भावीच आहेत. वाढदिवसाला मित्रमंडळ जे मानपत्र देणार होतं ते लिहून घ्यायला हे स्वतःच आले होते, कारण मित्रमंडळावर त्यांचा भरवसा नव्हता. मी साखर मागायला खाली गेले होते, ती साखरेची वाटी हातात धरून शेवटपर्यंत थांबले.

"दानशूर घाला," ते म्हणाले.

"खोटं. दुप्पट पडेल."

"अहो काका, गणपतीला वर्गणी देतो मी."

"देतोस की गोळा करतोस?"

ते जरा चुळबुळले. "बरं, तडफदार?"

"ते खरंय. परवा पार्किंगवरून तू दोघांची कॉलर धरलीस, मी खिडकीतून बघत होतो. साधा दर."

"काका, सगळं मिळून काहीतरी कमी करा ना."

"घासाघीस भेंडीत कर," काका म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं उत्तर आहे. शेवटी खिशाचा विचार करून नेत्यांनी फक्त 'तडफदार' ठेवलं. मानपत्र अडीच ओळींचं झालं आणि म्हणे फ्रेम फारच मोठी दिसत होती.

खऱ्या कौतुकावर मात्र काका घाम गाळतात. ज्याचं मानपत्र त्याच्याशी ते बोलतच नाहीत. "माणसाला स्वतःबद्दल काय कळतंय," म्हणतात. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना बोलावतात, झोपाळ्यावर बसवतात, "चहा घेणार, की घेणारच?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन आधण ठेवतात. मग प्रश्न सुरू. माणूस चिडतो कशावर? कुणाला भितो? घरी आल्यावर पहिलं काय बोलतो? वीजखात्यातल्या एका लाइनमनच्या बायकोला त्यांनी दोन तास बसवून ठेवलं होतं. त्यातून एक वाक्य निघालं: 'यांच्या हातात टॉर्च दिसला की गावातल्या म्हाताऱ्या देवाचं नाव घ्यायचं थांबवत.' त्या लाइनमनचं घर तीनदा रंगवून झालं, पण फ्रेम खिळ्यावरून हललेली नाही.

आता मी कोण, ते सांगते. ठाण्याच्या एका जाहिरात कंपनीत मी नऊ वर्षं मजकूर लिहीत होते. एके दिवशी आमचा अख्खा विभाग बंद केला. घराचा हप्ता नवऱ्याच्या पगारावर आला. मी घरी म्हटलं, दिवाळीपर्यंत मला स्वतंत्र लिहून बघू दे. नाही जमलं तर त्याच्या मावसभावाच्या विम्याच्या ऑफिसात फॉर्म भरायला जाते. मावसभाऊ चांगला आहे हो, पण त्याचे फॉर्म मला स्वप्नात यायला लागले होते.

लिहायची कामं पुष्कळ होती, दर नव्हते. लेखनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी काम टाकलं, की मी दर लिहायच्या आत खाली उत्तर आलेलं असायचं, 'मी निम्म्यात करते.' मग तिच्याही निम्म्यात करणारं कुणीतरी यायचं. त्यात मोबाइलमधलं ॲप सगळं फुकट लिहून द्यायला लागलेलं. मग मीही शहाणपणा केला. मानपत्र तीनशे रुपयांत, एका तासात, पीडीएफसकट. काकांचा दर तेव्हा दोन हजार होता. त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहून मी त्यांच्या पोटावर पाय देत होते आणि त्यांच्याकडूनच साखर आणत होते. याची मला तेव्हा विशेष लाज वाटली नाही, आता वाटते.

तीनशे रुपयांत विचार करणं परवडत नाही. मी एक छान मजकूर बनवून ठेवला होता: 'आपण म्हणजे या परिसराचा वटवृक्ष, आपल्या सावलीत अनेकांची आयुष्यं बहरली.' नाव बदलायचं आणि पाठवायचं. एकाच आठवड्यात दोन मुलांनी आपापल्या वडिलांसाठी काम दिलं. मी दोघांनाही वटवृक्ष पाठवले.

ते दोघे वडील एकाच गावचे, एकाच मंडळाचे आणि त्यांचा सत्कार एकाच संध्याकाळी एकाच स्टेजवर, हे मला शाळेच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसल्यावर कळलं. वाचायला अर्थातच गायकर काका.

पहिले रेल्वेतले गँगमन. काकांनी वटवृक्ष वाचला. टाळ्या झाल्या. दुसरे नाना, कबड्डीचे कोच. काकांनी फ्रेम हातात घेतली, चष्मा सरळ केला आणि थांबले. हॉलमध्ये निम्मं गाव बसलं होतं, आणि उद्यापासून मला कुणी लग्नाची पत्रिकाही लिहायला दिली नसती.

काकांनी फ्रेमवर नजर ठेवूनच वाचायला सुरुवात केली.

"नाना, तुमच्या हाताखाली पोरं आधी कबड्डीत दम धरायला शिकली, मग पोलीस भरतीत, मग संसारात. तुमच्या शिट्टीला गावातल्या सुनासुद्धा दचकत. तुम्ही आयुष्यात एकच अन्याय केला. स्वतःचा मुलगा चांगला खेळत असताना त्याला संघात घेतलं नाहीत, का, तर लोक म्हणतील बापाने घेतला."

पहिल्या रांगेत तो मुलगा बसला होता. चाळिशीचा, दोन पोरांचा बाप. त्याने रुमाल काढला. नाना खुर्चीतून उठले आणि स्टेजवरूनच त्याला हात केला. फ्रेममध्ये यातला एक शब्दही नव्हता, तिथे माझा वड होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात. मजकूर कुणाचा, हे त्यांनी मंडळात विचारून घेतलं होतं. एरवी छापील मराठी बोलणारे काका रागावले की गावच्या बोलीत शिरतात.

"किती घेतलंस?"

"तीनशे. एकाचे."

"तीनशेत माणूस मावत नाय, पोरी. आणि गावात एवढे वड असते तं बिल्डर आत आलाच नसता."

मी मान खाली घातली. म्हटलं, "काका, मी जास्त मागितले तर लोक दुसरीकडे जातील."

"जाऊं दे. जे जातात ते मना पण सोडून गेलेत." मग आवाज खाली आणून, शुद्ध मराठीत, "आधी ती फ्रेम परत आण. छपाई पुसट आली म्हणून सांग."

मी तसं सांगितलं. कुणाच्या तरी मोबाइलमध्ये काकांचं वाचन सापडलं, ते उतरवून घेतलं आणि नानांची फ्रेम बदलून दिली. त्या दुपारी काकांनी मला झोपाळ्यावर बसवून दर शिकवला. आधी किती दिवस लागतील ते मोज. मग तेवढ्या दिवसांत घरात काय लागतं ते मोज. मग तो आकडा मोठ्याने म्हण, आरशासमोर. म्हणताना हसू आलं तर आकडा जास्त आहे, रडू आलं तर कमी. मी घरी जाऊन 'दोन हजार' म्हटलं. हसू आलं नाही, भीती वाटली. काका म्हणाले, भीती चालते.

पहिले पंधरा दिवस कुणी फिरकलं नाही. मी विम्याच्या फॉर्मचा एक नमुना मागवूनही घेतला. आणि मग चमत्कार झाल्यासारखी माणसं यायला लागली. येताना प्रत्येकजण तेच म्हणे, "गायकर काका तीन हजार सांगतात. तुझे किती?" मी दोन म्हटलं की त्यांना सुटल्यासारखं वाटायचं. श्रावणात काका चार हजारांवर गेले, मी भीतभीत अडीच केले. गणपतीत ते सहा हजारांवर पोचले. जिन्यात भेटले तेव्हा मी चेष्टाही केली, "काका, महागाई तुमच्याकडेच भाड्याने राहायला आली का?" ते म्हणाले, "वय वाढतं तसा दर वाढतो," आणि पिशवीतली भेंडी घेऊन आत गेले.

दिवाळी आली तेव्हा माझ्या हातात सहा कामं होती. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी फराळाची यादी केली. फार वर्षांनी अनारसे जमले.

भाऊबीज झाल्यावर नाना माझ्याकडे आले. बायकोच्या पंचाहत्तरीला मानपत्र हवं होतं. मी म्हटलं, "नाना, तुमच्या घरचं काम काकांनाच द्या, शोभतं का मी करणं?"

"त्याच्याकडंच गेल्तो," नाना म्हणाले. "दहा हजार बोलला. मी म्हटलं, दिले. तं बोलतो कसा, नाय, दुसऱ्या माळ्यावर जा, ती पोर आता माझ्यापेक्षा बरी लिवते."

मी तशीच खाली गेले. दुपारची वेळ. दार उघडं होतं. झोपाळ्यावर घड्या मोडलेला पेपर पडलेला, आणि ओट्यावरच्या ट्रेमध्ये पाच कप पालथे घातलेले, कोरडे ठणठणीत. एके काळी या घरात कप सुकायला वेळ मिळत नसे. सहाव्या कपात काका एकटे चहा पीत होते.

"काका, तुम्ही दर का वाढवलात?"

"सांगितलं की. वय."

"नाना आले होते."

काकांनी कप बशीत ठेवला. मग बोलीत आले, पण या वेळी राग नव्हता.

"मना दोन फ्लॅटचं भाडं येतं, पेन्शन येतं. मी दोन हजारावर बसून ऱ्हायलो तं तुना कोण अडीच देईल? वरचा सरकला तं खालच्याला जागा होते."

"आणि हे कप?"

"ही गेली तवापासून घर बोलतं होतं ते लोकांमुळं. आता जरा गप ऱ्हायची सवय करतो. होईल."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, कारण तिथे लपवून काही उपयोग नसतो. त्यांनी मला चहा दिला. त्या दिवशी त्यांनी घेणार की घेणारच, हेसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या फळ्यावर, त्या चार ओळींखाली खडूने पाचवी ओळ लिहिली: 'माहिती इथे सांगावी. लेखन दुसऱ्या मजल्यावर.' काका म्हणाले, फुकट बसणार नाही. मी म्हटलं, प्रत्येक मुलाखतीचे पाचशे देईन. त्यांनी आठशे सांगितले. मी सहाशे म्हणून बघितलं.

"घासाघीस भेंडीत कर," काका म्हणाले.

तेव्हापासून माझी सगळी गिऱ्हाइकं आधी त्या झोपाळ्यावर बसतात. काका प्रश्न विचारतात, मी बाजूला वही घेऊन बसते, आणि सहाही कप कायम ओले असतात. ॲपकडून फुकट लिहून आणलेलं घेऊनही काहीजण येतात, फक्त प्रश्न विचारून घ्यायला.

गेल्या महिन्यात काकांना पंचाहत्तर पूर्ण झाली. मंडळाने मानपत्राचं काम मला दिलं. मी नानांना बसवलं, लाइनमनच्या बायकोला बसवलं, भावी नगरसेवकांनाही बसवलं. काकांच्याच झोपाळ्यावर, त्यांना भाजीला पाठवून. लिहून झाल्यावर पद्धत मोडून मी ते त्यांना आधी वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य असं होतं: 'दुसऱ्याला जागा व्हावी म्हणून मास्तरांनी आपला दर वाढवला आणि त्यापायी कितीतरी महिने एकट्याने चहा घेतला.'

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे शेवटचं खोटं आहे," ते म्हणाले. "मी वयामुळं वाढवला. मंडळाला दुप्पट लाव."

मी उठून दाराकडे गेले आणि फळ्यावरच्या चौथ्या ओळीवर बोट ठेवलं: 'खरं-खोटं आम्ही ठरवू.'

स्वतःचंच अक्षर त्यांनी वाचलं. मग "चहा घेणार, की घेणारच?" म्हणाले आणि आत गेले. आतून कप विसळल्याचा आवाज यायला लागला. कप दोनच होते, पण नळ बराच वेळ चालू होता.