हेल्मेटला अमर्याद रेंज

दुचाकी शिकवण्यात आपला हात धरणारा गावात कुणी नाही, असं मास्तर म्हणत, आणि गावही त्यांना विरोध करत नसे. आपल्या शाळेत शिकून लायसन्सच्या परीक्षेत नापास झालेला माणूस शोधून दाखवा, असं त्यांचं उघड आव्हान होतं. असा माणूस एकच होता, आणि तो त्यांच्याच घरात राहत होता.

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. दोनदा परीक्षेला बसल्या, दोनदा पडल्या. स्कूटर त्यांना बरी चालवता येई. पण मैदानावर आठचा आकडा काढता काढता त्यांना अचानक वाटे, की हा परीक्षक पोक काढून उभा आहे. मग त्या पाय टेकून थांबत आणि त्याला ताठ उभं राहायला सांगत. परीक्षक ताठ उभा राही आणि त्यांना नापास करी.

यात मास्तरांचा जीव अडकला होता, तो शाळेच्या अब्रूपेक्षा रविवारसाठी. सासूबाईंना लायसन्स नसल्यामुळे त्यांची ने-आण जावयाकडे होती. रविवारी सकाळी पोहायला, तिथून मैत्रिणीकडे, तिथून गाण्याच्या क्लासला, क्लासहून दुसऱ्या मैत्रिणीकडे, कारण पहिलीशी तेवढ्यात बिनसलेलं असे. मास्तरांनी रविवारचा पेपर ताजा असा कित्येक वर्षांत वाचला नव्हता. त्यांच्या हातात येईपर्यंत त्यातलं शब्दकोडं बायकोने सोडवलेलं असे. सासूबाईंना लायसन्स म्हणजे मास्तरांना जामीन.

आणि नेमका याच वेळी मास्तरांचा आवाज बसला.

त्यांची शिकवण्याची पद्धत अशी की विद्यार्थ्याच्या गाडीमागे धावायचं आणि धावता धावता ओरडायचं. पहिल्याच दिवशी ते प्रत्येकाला सांगत, "माझा आवाज कानावर पडला की आपलं डोकं बंद. विचार मी करणार, तुम्ही फक्त हात-पाय हलवायचे." पद्धत उत्तम होती. फक्त इतकी वर्षं ओरडून आता त्यांच्या घशातून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज निघत होता. घशाच्या डॉक्टरांनी कुजबुजण्यापलीकडे सगळं बंद केलं.

"कुजबुजून कोण ब्रेक मारणार?" मास्तर घरी येऊन कुजबुजले.

"हेल्मेटमध्ये बसवायचा इंटरकॉम मिळतो म्हणे," बायको म्हणाली. शाळेचं ऑफिस ती सांभाळत असे, आणि खरं सांगायचं तर शाळाही. "तुम्ही इथून बोलायचं, त्यांना तिथे कानात ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात गेली. दुकानदाराने काचेवर तीन डबे मांडले आणि नवरी मुलगी दाखवावी तसा पहिला डबा उघडला.

"हा साधा. दोन हेल्मेटं, समोरासमोरचं बोलणं. गल्लीच्या टोकापर्यंत चालतो."

"हाच घेऊ," बायको म्हणाली.

"गल्लीच्या टोकापर्यंत?" मास्तरांनी ओठ मुडपले. "पुढचं दाखवा."

"हा मधला. वाऱ्याचा आवाज गाळतो. आणि हा," दुकानदाराने तिसऱ्या डब्यावरून हात फिरवला, "हा वरचा. तिघांचा संच. एकदा जोडला की जवळ आलेलं हेल्मेट आपोआप गटात येतं. लांब गेलं तर मोबाइलच्या नेटवर्कवरून बोलतं. रेंज अमर्याद."

"अमर्याद म्हणजे?"

"तुमचा विद्यार्थी दुसऱ्या जिल्ह्यात गेला तरी तुम्ही त्याला घरी बसून गिअर बदलायला सांगाल."

मास्तरांच्या डोळ्यांत तेज आलं. "आवाज?"

"कानात बसून बोलल्यासारखा."

"बॅटरी?"

"दिवसभर."

"अहो, आपले विद्यार्थी मैदानाबाहेर जात नाहीत," बायको म्हणाली. "आणि लागतात दोन. तिसरं काय कढी ढवळायला घेणार?"

"तुला यंत्रातलं कळत नाही," मास्तर तिला म्हणाले. घरातला मिक्सर, पंखा आणि खुद्द मास्तरांची मोटारसायकल तीच दुरुस्त करत असे. दुकानदाराने डबा बांधला.

घरी आल्यावर मास्तरांनी एक यंत्र आपल्या हेल्मेटात बसवलं, दुसरं सासूबाईंच्या पिवळ्या हेल्मेटात. तिसरं उरलं, ते वाया जाऊ नये म्हणून दाताच्या डॉक्टरांच्या हेल्मेटात बसवून दिलं.

दाताचे डॉक्टर हे मास्तरांचे सर्वांत आज्ञाधारक विद्यार्थी. दिवसभर दुसऱ्यांना 'आ करा, मिटा, चूळ भरा' असे हुकूम सोडून थकलेल्या या माणसाला, आपल्यालाही कुणीतरी हुकूम सोडतंय याचा फार आराम वाटे. मास्तरांनी सांगितल्याशिवाय ते गाडीवरून उतरतसुद्धा नसत. एकदा मास्तर सांगायला विसरले आणि जेवायला गेले. परत आले तर डॉक्टर तसेच गाडीवर, इंजिन चालू.

मग मास्तरांनी मोबाइलवर एक शेवटची गोष्ट केली. बोलण्याची सोय फक्त स्वतःच्या हेल्मेटला ठेवली आणि बाकी दोघांची बंद करून टाकली.

"अहो, मग त्यांनी काही विचारायचं असेल तर?" बायकोने विचारलं.

"विद्यार्थ्याने विचारायचं नसतं."

"मग इंटरकॉम कशाला आणला? भोंगा आणायचा होता."

परीक्षेच्या सकाळी मास्तरांनी सासूबाईंना आपला बेत सांगितला. "आई, तुम्ही काळजीच करू नका. मी भिंतीपलीकडे बसून कानात सांगत राहीन. डावं, उजवं, ब्रेक, सगळं. परीक्षकाकडे बघायचंच नाही."

सासूबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "असं," त्या म्हणाल्या.

या 'असं'ने एके काळी अख्ख्या शाळेच्या पायातलं बळ जात असे. मास्तर त्या शाळेत शिकले नव्हते. त्यांना तो होकार वाटला.

परीक्षेच्या मैदानाला कमरेएवढी भिंत होती, पण बाहेरची जमीन खोल, म्हणून बाहेरून ती डोक्यापर्यंत येई. मास्तर भिंतीला टेकून हेल्मेट घालून उभे राहिले. टाचा उंचावून मान ताणली की पलीकडे सासूबाईंच्या हेल्मेटचा पिवळा घुमट तेवढा दिसे. बाकी सगळं अंदाजाने.

परीक्षकाची शिट्टी वाजली. घुमट हलला.

"सावकाश रेस द्या," मास्तर कुजबुजले. घुमट सावकाश पुढे सरकला.

"आता डावीकडे." घुमट डावीकडे वळला.

मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हातारी गाईसारखी निमूट ऐकत होती. आठचा आकडा काढताना कुठलाही माणूस आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला वळणारच, हे त्यांच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. हुकूम सुटला आणि त्यामागोमाग हेल्मेट वळलं, यापेक्षा भक्कम पुरावा कुठला हवा?

आता याच वेळी दाताचे डॉक्टर दवाखान्यातून सुटून, मास्तरांनीच नेमून दिलेला सराव करायला, मैदानाबाहेरच्या गल्लीत शिरले होते. सावलीत गाडी उभी करून ते हातमोजे चढवत होते, तेवढ्यात त्यांच्या कानात बसून मास्तर बोलले, "सावकाश रेस द्या."

डॉक्टरांना गहिवरून आलं. मास्तर दिसत नव्हते, पण लक्ष होतं. त्यांनी रेस दिली.

"आता डावीकडे."

डावीकडे लाँड्रीचं फाटक होतं. डॉक्टरांना क्षणभर शंका आली. पण शंका विचारायची सोय बंद होती आणि डोकंही मास्तरांच्या सांगण्यावरून बंद होतं. ते डावीकडे वळले.

आत मोकळ्या अंगणात दोऱ्यांवर कुठल्याशा हॉटेलच्या पांढऱ्या चादरी वाळत होत्या, एकीमागे एक.

"शाबास. समोर मोकळं मैदान आहे," कानात मास्तर म्हणाले. "घाबरू नका. सरळ जा."

डॉक्टर सरळ गेले. पहिली चादर त्यांनी छातीवर घेतली, दुसरी हेल्मेटवर. तिसरीच्या आत दोरी होती, ती सुटून मागे शेपटासारखी निघाली, आणि शेपटाला उशांचे अभ्रे.

"ओ, ओ भाऊ, कुठं चाललात?" लाँड्रीवाला इस्त्री तशीच टाकून धावला.

"कुणी काही बोललं तरी लक्ष द्यायचं नाही," मास्तर भिंतीआडून सासूबाईंना म्हणाले, रोख परीक्षकाकडे होता. डॉक्टरांनी लक्ष दिलं नाही.

"आता उजवीकडे."

लाँड्रीचं दुसरं फाटक उजवीकडे होतं, आणि ते थेट परीक्षेच्या मैदानात उघडत असे.

मास्तरांनी टाचा उंचावल्या. पिवळ्या घुमटामागे काहीतरी पांढरं, उंच, फडफडणारं तरंगत येत होतं. उन्हाने डोळ्यांपुढे काहीतरी आलं असावं, असं समजून त्यांनी काच पुसली. पांढरं तसंच राहिलं. ते डावीकडे म्हणाले, तर पांढरं डावीकडे गेलं. उजवीकडे म्हणाले, तर उजवीकडे. पिवळा घुमट मात्र एव्हाना आठ पुरा करून, कुणीही न सांगता, रेषेवर जाऊन थांबला होता.

"थांबा," मास्तर घाबरून म्हणाले.

पांढरं जिथल्या तिथे थांबलं. बरोब्बर रेषेवर, सासूबाईंच्या शेजारी.

लाँड्रीवाला धापा टाकत आला, पण समोरचं दृश्य बघून तोही उमेदवारांच्या रांगेत उभा राहिला.

परीक्षकाने आयुष्यात बरेच आठ पाहिले होते. तो त्या पांढऱ्या आकृतीभोवती फिरला. "कमाल आहे. डोळे झाकून आठ काढला, आणि पाय टेकला नाही. कोण तुम्ही?"

आकृती गप्प.

"चादर काढा."

आकृती हलली नाही. हा आवाज मास्तरांचा नव्हता.

"बहिरे आहात का? चादर काढा म्हटलं."

"अहो, माझी आहे ती, मीच काढतो," लाँड्रीवाला म्हणाला.

"हात लावू नका. पुरावा आहे तो." परीक्षकाने खिशातून मोबाइल काढला. "पोलिसांनाच बोलावतो."

भिंतीपलीकडे मास्तरांचं धाबं दणाणलं. न बोलावं तर डॉक्टर जन्मभर तसेच बसून राहतील आणि पोलीस येतील. बोलावं तर सासूबाई तिसऱ्यांदा नापास, आणि रविवार गेला तो गेलाच. त्यांनी डोळे मिटले.

"डॉक्टर," ते शक्य तितकं हळू कुजबुजले, "चादर काढा."

डॉक्टरांनी तत्काळ चादर काढली, चहूकडे पाहिलं आणि मोकळ्या, कृतज्ञ आवाजात म्हणाले, "मास्तर, काढली. पण तुम्ही आहात कुठे?"

सगळ्यांनी चहूकडे पाहिलं. भिंतीवर एक हेल्मेट सूर्योदयासारखं हळूहळू वर आलं.

"मास्तर," परीक्षक म्हणाला, "आत या."

मास्तर आत आले. हेल्मेट काढायचं त्यांना सुचलं नाही. परीक्षकाने डॉक्टरांचं हेल्मेट उलटंपालटं करून आतलं यंत्र पाहिलं, मग सासूबाईंकडे वळला. "बाई, तुमच्याही हेल्मेटात हे आहे?"

"आहे," सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांना रविवारची पोहायची पिशवी डोळ्यांसमोर दिसली. ओल्या टॉवेलसकट.

"घरातून निघतानाच बंद केलंय," सासूबाई म्हणाल्या आणि हेल्मेट त्याच्या हातात दिलं. "बघा, दिवा लागतोय का. जन्मभर मी कॉपी पकडली. आता या वयात जावयाच्या सांगण्यावरून करू?"

परीक्षकाने हेल्मेट उलटं करून दिवा बघितला, कानाशी धरून ऐकलं. यंत्र बंदच होतं.

"म्हणजे आठ तुम्ही स्वतः काढलात?"

"मग कुणी काढला? हे तर भिंतीशी बोलत होते." त्यांनी परीक्षकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आज तुम्ही नीट उभे होतात, म्हणून मला मधे थांबावं लागलं नाही."

परीक्षक नकळत आणखी ताठ झाला. "पास," तो म्हणाला. डॉक्टरांना त्याने रीतसर तारीख घेऊन, चादरीशिवाय यायला सांगितलं. मास्तरांना, परीक्षेच्या दिवशी या गल्लीत पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीद दिली. लाँड्रीवाल्याने त्यांना दंडाला धरून चादरी खळबळायला नेलं. मास्तर आनंदाने गेले. साबणाच्या पाण्यात हात घालून ते बसल्या आवाजात चक्क गाणं म्हणत होते. आता रविवार त्यांचा होता.

रविवार उजाडला. सासूबाई स्वतःच्या स्कूटरवर, स्वतःच्या लायसन्ससह पोहायला निघाल्या. मास्तरांनी खुर्ची खिडकीशी ओढली, पाय स्टुलावर टाकले आणि कोऱ्या करकरीत पेपराची घडी उघडली.

फोन वाजला.

"जावईबापू, मी चौकात आहे. इथून कुठे वळायचं?"

"आई, आपण दर रविवारी जातो की तिथून."

"तुम्ही जाता. मी मागे बसून बोलत असते. मागे बसून रस्ते कोण बघतं? आणि फोन हातात धरून चालवणं मला पसंत नाही. तुमचं ते हेल्मेट डोक्यावर घाला. यंत्र तसं चांगलं आहे हो, फक्त परीक्षेत नको होतं. बोलायचं बंद ठेवलं होतंत ना, ते माझ्या लेकीने काल सुरू करून दिलंय."

बायको बाहेर आली तेव्हा मास्तर लुंगीवर, खुर्चीत, हेल्मेट घालून बसले होते.

"आई, समोर काय दिसतंय? पाटी? काय लिहिलंय? मागे गेली? बरं, आता काय दिसतंय? नाही, ट्रकवर काय लिहिलंय ते नको. त्याच्या मागे जाऊ नका. आई, तो दुसरीकडे चाललाय."

बायकोने थोडा वेळ पाहिलं. मग त्यांच्या मांडीवरून पेपर उचलला. "तुम्ही वाचत नाही ना? मी कोडं सोडवते."

मास्तरांनी हाताने काहीतरी खूण केली. तिला ती कळली नाही, किंवा कळली.

"अहो," दारातून तिने विचारलं, "याची बॅटरी किती वेळ चालते?"

मास्तरांनी हेल्मेटची काच वर केली.

"दिवसभर," ते म्हणाले, आणि काच खाली केली.